'चालणार नाही' म्हणणारे तुम्ही कोण?

भारतीय नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची स्वाक्षरी असते आणि धारकास तेवढी रक्कम अदा करण्याचे वचन असते. मागील बाजूस पंधरा भाषांत तिचे मूल्य छापलेले असते. त्यात आपली मराठी आहे, कोकणी आहे, संस्कृतही आहे. एवढ्या इतमामाने निघालेली ही नोट देवनारमधील एखाद्या किराणा दुकानाच्या गल्ल्यापाशी पोहोचते. तेथे बसलेला गृहस्थ ती दोन बोटांत धरतो, उजेडाकडे करून पाहतो आणि परत सरकवतो. "ही चालणार नाही, दुसरी द्या." झाला निवाडा! त्यावर अपील नाही की दाद नाही. सार्वभौम राष्ट्राच्या चलनाविषयीचा हा अंतिम अधिकार या गृहस्थांना कोणी दिला, हा प्रश्न विचारण्याची वेळ केव्हाच आली आहे.

रिझर्व्ह बँक अधिनियम, १९३४ चे कलम २६ याबाबत पुरेसे स्पष्ट आहे. प्रत्येक बँकनोट भारतात कोणत्याही ठिकाणी, तीवर लिहिलेल्या रकमेपुरती, वैध चलन असेल, असे ते सांगते. कोणत्याही ठिकाणी म्हणजे दक्षिण मुंबईत जशी, तशीच गोवंडी, मानखुर्द आणि देवनारमध्येही. याच कलमाचे दुसरे उपकलम सांगते, की एखाद्या मालिकेच्या नोटा वैध चलन राहणार नाहीत असे ठरवावयाचे असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय मंडळाने शिफारस करावी आणि केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढावी. नाण्यांविषयी २०११ चा नाणे अधिनियम आहे. एक रुपया व त्यावरील नाणी एका वेळी हजार रुपयांपर्यंत वैध चलन आहेत.

नोट रद्द करणे ही किती गंभीर गोष्ट आहे, हे इतिहासच सांगतो. १९४६ मध्ये मोठ्या नोटा बाद झाल्या त्या अध्यादेशाने. १६ जानेवारी १९७८ रोजी जनता सरकारने हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द केल्या, त्याही अध्यादेशाने. मागाहून संसदेचा कायदा झाला. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजाराच्या नोटा गेल्या, तेव्हा तो निर्णय सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २ जानेवारी २०२३ रोजी चार विरुद्ध एक अशा मताने तो वैध ठरविला. म्हणजे प्रत्यक्ष केंद्र सरकारला नोट रद्द करावयाची तर घटनापीठापुढे उत्तर द्यावे लागते, आणि आमचा नाक्यावरचा दुकानदार तेच काम मान हलवून करतो!

'जुनी नोट' या दोन शब्दांत तीन निरनिराळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे. पहिली, अधिसूचनेने रद्द झालेली नोट. ती कोणी घेऊ नये, याविषयी वाद नाही. दुसरी, जुन्या मालिकेची नोट. २०१६ नंतर नव्या रंगांच्या नोटा आल्या. शंभराची जांभळट आली, दहाची चॉकलेटी आली. पण म्हणून आधीच्या शंभराच्या वा दहाच्या नोटा मेल्या नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये जुन्या शंभर, दहा व पाचच्या नोटा मार्चअखेर बंद होणार, अशी आवई उठली आणि रिझर्व्ह बँकेला तिचे जाहीर खंडन करावे लागले. दोन आणि पाच रुपयांच्या नोटा छापणे थांबले, कारण त्यांची जागा नाण्यांनी घेतली. परंतु आधी निघालेल्या नोटा वैधच आहेत. पाचची नोट आज कोणत्याही पानाच्या टपरीवर देऊन पाहावी. ती घेतली गेली, तर त्या टपरीवाल्याचा सत्कार करावयास हरकत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे मळलेली, फाटलेली, चिकटवलेली नोट. खरा अन्याय येथे होतो.

दहाच्या नाण्याचे उदाहरण वाचकांच्या स्मरणात असेलच. रुपयाचे चिन्ह असलेले खरे, नसलेले खोटे. दहा रेघांचे खरे, पंधरा रेघांचे खोटे, असले शास्त्र कोणी काढले देव जाणे. १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने सांगितले, की दहाची नाणी चौदा प्रकारच्या रचनांत निघाली आहेत आणि ती सर्व वैध आहेत. तरीही कित्येक गावांत हे नाणे आजही परत केले जाते. अफवेला राजपत्र लागत नाही, हेच तिचे बळ.

देवनारमध्ये या प्रश्नाची धार अधिक जाणवते. १९२७ पासून मुंबईचा कचरा येथे येत आहे. ज्या एम-पूर्व विभागात हा भाग येतो, तो मुंबई मानव विकास अहवाल, २००९ मध्ये शहरात शेवटच्या क्रमांकावर होता. कचरा वेचून, भंगार वजन करून, रस्त्याकडेला भाजी विकून मिळणारे पैसे दहा-वीस-पन्नासच्या नोटांत हाती येतात. त्या नोटा कनवटीला राहतात, पावसात भिजतात, घामाने मऊ पडतात. प्लास्टिकच्या कार्डाला किंवा भ्रमणध्वनीवरील देयकाला घाम लागत नाही. म्हणूनच मध्यमवर्गीय वाचकाला हा प्रश्न आज क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. पण नाकारलेली नोट हवेत विरून जात नसते. ती हातोहात खाली सरकत जाते आणि ज्याला 'दुसरी' नोट काढून देणे शक्य नाही, त्याच्यापाशी येऊन थांबते. भाजीवालीने ती घेतली, कारण गिऱ्हाईक गमवायचे नव्हते. वाण्याने ती नाकारली, कारण त्याला गिऱ्हाइकांची वाण नाही. मग ती बाई फाटक्या नोटा घेणाऱ्याकडे जाते आणि तो बट्टा कापून उरलेले पैसे हातावर ठेवतो. पन्नासच्या नोटेवर पाच रुपये गेले, तर तिच्या कष्टाचा दहावा हिस्सा गेला. हा कर कोणत्या अर्थसंकल्पात मंजूर झाला होता?

दुकानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. तो म्हणतो, "मी घेतली आणि पुढे कोणी घेतली नाही, तर नुकसान माझे." या युक्तिवादाला आपल्याच इतिहासात फार मोठा आधार आहे. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रजांचा वकील रायगडावर आला होता. आपली नाणी स्वराज्यात चालावीत, असे कलम तहात घालण्याची त्याची मागणी होती. छत्रपती शिवाजी महाराजांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा, की आम्ही कोणतेही नाणे चालण्यास मनाई करीत नाही. परंतु ज्या नाण्यात प्रजेचे नुकसान होईल, ते घेण्याची बळजोरी आम्ही प्रजेवर करू शकत नाही. तुमच्या नाण्याचा कस चांगला असेल, तर ते आपोआप चालेल. स्वतःचा सुवर्णहोन आणि तांब्याची शिवराई पाडणाऱ्या राजाचे हे उत्तर आहे. चलनाची सक्ती करावयाची, तर आधी घेणाऱ्याचे नुकसान होणार नाही हे पाहावे, असा त्याचा अर्थ.

आता नाण्याच्या धातूचा कस कागदी नोटेत नाही. तिचा कस एकच, तो म्हणजे बँकेने ती बदलून देणे. आणि नियम पाहिले, तर दुकानदाराचे नुकसान होण्याचे कारणच उरत नाही. रिझर्व्ह बँकेचे २००९ चे नोट परतावा नियम, २०१८ च्या दुरुस्तीसह, असे सांगतात: वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा निम्म्याहून अधिक असेल, तर पूर्ण मूल्य मिळते. पन्नास व त्यावरील नोटेचा ८० टक्क्यांहून अधिक भाग असेल, तर पूर्ण मूल्य, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मे. दोन तुकडे झालेली पण काहीही न गमावलेली नोट तर केवळ 'मळकी' समजली जाते. दिवसाला वीस नोटा, पाच हजार रुपये मूल्यापर्यंत, कोणत्याही बँकेच्या खिडकीवर विनाशुल्क बदलून मिळाल्या पाहिजेत. त्या शाखेत आपले खाते असण्याचीही अट नाही.

हे किती रोखपालांना मान्य आहे? प्रस्तुत लेखकाने उपनगरातील एका शाखेत चिकटवलेल्या तीन नोटा नेल्या असता, "मोठ्या शाखेत जा" असे उत्तर मिळाले. मोठ्या शाखेत "तुमचे खाते कुठे आहे?" असा प्रतिप्रश्न झाला. सुशिक्षिताची ही कथा, तर देवनारच्या वस्तीतून आलेल्या बाईने त्या काचेच्या दारातून आत तरी कसे जावे? नोट न बदलणाऱ्या शाखेस दंड करण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने केलेली आहे. ती वापरली गेली पाहिजे. दुकानदाराचा 'चालणार नाही' हा शब्द बँकेच्या खिडकीवर जन्मतो आणि मग बाजारात फिरतो. नाण्यांचेही तेच. एप्रिल २०२३ मध्ये शिर्डीतील काही बँकांनी साईबाबा संस्थानाकडून नाणी घेण्यास जागेअभावी असमर्थता दर्शविली. २०२१ मध्ये बेस्टच्या कर्मचाऱ्यांना वेतनाचा काही भाग नाण्यांत आणि लहान नोटांत घ्यावा लागल्याच्या बातम्या होत्या. जो वाहक दिवसभर प्रवाशांची चिल्लर निमूट स्वीकारतो, त्याच्याच गळ्यात ती शेवटी पडावी, हा कसला न्याय!

सरकारी धोरणातील संदिग्धताही येथे नोंदविलीच पाहिजे. दोन हजारांची नोट १९ मे २०२३ रोजी मागे घेण्यात आली. ३.५६ लाख कोटी रुपयांच्या नोटांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक परत आल्या. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर त्या बँकेच्या शाखेत नव्हे, तर रिझर्व्ह बँकेच्या १९ कार्यालयांत अथवा टपालाने पाठवाव्या लागतात. तरीही कागदोपत्री ती नोट वैध चलन राहिली. कायद्याने जिवंत आणि बाजारात मृत, अशी ही त्रिशंकू अवस्था. अशा नोटेसाठी दुकानदाराला दोष देता येत नाही. पण 'वैध' या शब्दाची जरब जाते ती अशानेच.

परदेशांचे दाखले देणारे सांगतील, की ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत दुकानदार हवे ते देयक मागू शकतो. ते खरे आहे. परंतु मॅसॅच्युसेट्सने १९७८ मध्येच आणि न्यू जर्सीने २०१९ मध्ये किरकोळ दुकानांना रोकड स्वीकारणे बंधनकारक केले, हेही खरे आहे. युरोपीय न्यायालयाने २६ जानेवारी २०२१ रोजी म्हटले, की वैध चलन या संकल्पनेतच, तत्त्वतः, ते स्वीकारण्याचे बंधन आहे. मग आमच्या कलम २६ चा अर्थ एवढा दुबळा का मानावा?

उणीव आहे ती शिक्षेची. नकार देणाऱ्यास दंड किती, हे त्या कलमात कोठेही लिहिलेले नाही. काही उत्साही मंडळी नाणे नाकारणाऱ्यावर राजद्रोहाचा खटला भरण्याची भाषा करीत. हा अतिरेक आहे. चहाचे दहा रुपये नाकारणारा देशाचा शत्रू नसतो. तो बहुधा आळशी असतो. त्याला कारागृह नको. पहिल्या तक्रारीस ताकीद, दुसऱ्या तक्रारीस हजार-दोन हजारांचा दंड, एवढी सुटसुटीत तरतूद संसदेने या कलमास जोडली, तर पुरे. बनावट असल्याचा खरोखर संशय असेल, तर नकाराची मुभा ठेवावी. मळकेपणाचे कारण मात्र चालू नये.

आणि थोडे आपल्याविषयीही. दुकानात न चाललेली नोट आपल्यापैकी कितीजण मंदिराच्या दानपेटीत टाकतात? वाण्याला जे नको, ते देवाला! नोटेवर घोषणा लिहिण्याची हौसही काहींना असते. राजकीय स्वरूपाची घोषणा लिहिलेली नोट परतावा नियमांनुसार वैध चलन राहत नाही आणि तिच्यावरील दावा फेटाळला जातो. घोषणा आपल्या विचारांची असली, तरीही.

देवनार-गोवंडीतील कार्यकर्त्यांनी यात महिन्यातून एक सकाळ घालावी. वस्तीतील मळक्या-फाटक्या नोटा मालकांसह जवळच्या शाखेत न्याव्यात, दिवसाची वीस नोटांची मर्यादा पाळावी, नकार मिळाल्यास तो लेखी मागावा, आधी बँकेकडेच लेखी तक्रार करावी आणि दाद न मिळाल्यास ती रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे धाडावी. २०२१ पासून ही योजना एकात्मिक आहे आणि तक्रारीस शुल्क पडत नाही. तक्रारीची एक प्रत शाखा व्यवस्थापकांच्या हाती द्यावयास विसरू नये.