गादी, गल्ला आणि कंबर

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्या रस्त्यांवर सकाळी दुकान उघडणारा व्यापारी रात्री कुलूप लावेपर्यंत गल्ल्यावरून फारसा हलत नाही. नांदेडच्या मोंढ्यातही चित्र निराळे नाही. मग एके दिवशी उठताना कंबर धरते आणि दोष वयाला दिला जातो. दोष पुष्कळदा सवयीचा असतो.

कमरेत पाच मणके असतात आणि त्यांच्यामध्ये लवचिक चकत्या. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी 1960 नंतरच्या काळात जिवंत माणसाच्या चकतीतील दाब प्रत्यक्ष मोजला. उभे राहण्यापेक्षा पुढे झुकून बसल्यास तो वाढतो आणि वाकून ओझे उचलताना फारच वाढतो, असे त्यांना आढळले. ताठ बसण्याविषयीच्या त्यांच्या आकड्यांवर पुढे मतभेद झाले. वाकून ओझे उचलण्याविषयी मात्र झाले नाहीत.

जुन्या पेढीवर पाठीला तक्क्या होता. वही लिहिताना वाकावे लागे खरे, पण लिहून झाले की पाठ टेकता येई. आता संगणक आला, तक्क्या गेला आणि त्याच्या जागी पाठ नसलेले स्टूल आले. ही सुधारणा कमरेला महागात पडली. निदान टेकू असलेली खुर्ची घ्यावी, अर्ध्या तासाने उठावे, फोन उभ्याने घ्यावा. मागच्या खिशातील नोटांचे जाड पाकीट बसण्यापूर्वी काढावे. त्यावर बसल्याने कंबर एका बाजूस कलते. सामायिकात अठ्ठेचाळीस मिनिटे एका आसनावर बसणाऱ्या वडीलधाऱ्यांनी बैठकीखाली आसनाची जाड घडी घेतल्यास पाठ सरळ राहणे सोपे जाते.

पोते हमाल उचलतो. तेलाचा पंधरा किलोचा डबा मात्र घरचा मुलगाच ओढतो, आणि तोही लांबून, कंबर पिळून. डब्याच्या अगदी जवळ जावे, गुडघे वाकवावेत, डबा पोटाशी धरावा आणि वळताना कंबर न वळवता पावले वळवावीत.

घरातील स्त्रियांच्या कमरेची चौकशी सर्वांत शेवटी होते. 2016 च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे पाणी भरून ठेवणे हा घराघराचा स्वभावच झाला आहे. एका हातात भरलेली बादली नेण्यापेक्षा दोन हातांत दोन अर्ध्या न्याव्यात. आणि भरलेले पिंप सरकवण्याचे काम एकट्या सुनेवर सोडू नये.

2020 मध्ये जगात सुमारे 61.9 कोटी लोकांना कंबरदुखी होती, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जुनाट कंबरदुखीवर व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणे यांची शिफारस या संघटनेने 2023 मध्ये केली. कमरेचा पट्टा आणि वजन लावून ताणणे यांची केली नाही. आपल्याकडे पट्टा आधी विकत घेतला जातो, चालायला मात्र कोणी जात नाही! साध्या दुखण्यात आठवडाभर अंथरूण धरणेही हितावह नाही. झेपेल तितके हिंडते राहावे.

मात्र पायातील शक्ती कमी होणे, जांघेत बधिरता येणे, लघवी वा शौचावरील ताबा सुटणे ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पडल्यानंतरचे दुखणे, सोबत ताप किंवा अकारण घटणारे वजन असेल तरीही डॉक्टरांना दाखवण्यात चालढकल नको. नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. सीझन संपल्यावर दाखवू, हा हिशेब येथे चालत नाही.