औषधशाळेतील क्लोराइडे : परिचय आणि परीक्षण

कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात नवसागराची पूड टाकी आणि शुभ्र धुराचा लोट उठे, हे दृश्य आमच्या पिढीतील बहुतेक वैद्यांनी बालपणी अंगणात पाहिलेले आहे. धातूच्या पृष्ठभागावरील मळ व गंज त्या पुडीने निघून जाई आणि मग कथील चकचकीत बसे. हा नवसागर म्हणजेच रसशास्त्रातील साधारण रसांपैकी नवसादर, आणि आधुनिक रसायनशास्त्रातील अमोनियम क्लोराइड. आपले सैंधव हे मुख्यत्वे सोडियम क्लोराइड आहे, आणि रसकर्पूर हे पारदाचे क्लोराइड. म्हणजे क्लोराइडे आयुर्वेदाला परकी नाहीत. परका झाला आहे तो त्यांचे परीक्षण करण्याचा आपला अभ्यास. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन एवढेच, की या अभ्यासाकडे वैद्यबंधूंचे व औषधशाळा चालविणाऱ्या स्नेह्यांचे लक्ष वेधावे.

काही वर्षांपूर्वीचा आमचा अनुभव येथे नमूद करणे आवश्यक वाटते. बाह्योपयोगी मलमासाठी आम्ही एका व्यापाऱ्याकडून रसकर्पूर मागविले. पुडा मोहोरबंद होता, चिठ्ठी ठसठशीत छापलेली होती, द्रव्य शुभ्र व जड होते. डोळ्यांना संशय यावा असे काहीच नव्हते. केवळ सवयीने आम्ही त्यातील एक ग्रॅम चूर्ण वीस मिलिलिटर कोमट ऊर्ध्वपातित पाण्यात घालून हलविले. रसकर्पूर पाण्यात विरघळत नाही, ते तळाशी बसावयास हवे होते. आमच्या डोळ्यांदेखत ते जवळजवळ सर्व विरघळले. त्या द्रावणात पोटॅशियम आयोडाइडचा थेंब टाकताच शेंदरी-लाल अवक्षेप आला व अधिक आयोडाइड घालताच तो नाहीसा झाला. शंकेस जागा उरली नाही. पुड्यात मर्क्युरस क्लोराइड नसून मर्क्युरिक क्लोराइड, म्हणजे दाहक विष होते. व्यापाऱ्याला विचारले असता उत्तर मिळाले, "वैद्यराज, सगळे हाच माल नेतात."

या एका वाक्याने आम्हाला अनेक रात्री झोप लागली नाही. या दोन द्रव्यांच्या नावांत एका अक्षराचा फरक, रूपात काहीच फरक नाही; परंतु मर्क्युरिक क्लोराइडची एक ग्रॅमच्या आसपासची मात्राही प्रौढ मनुष्याच्या जिवावर बेतू शकते. ते पाण्यात विरघळते म्हणूनच शरीरात वेगाने शोषले जाते, अन्नमार्ग जाळते आणि वृक्कांचा नाश करते.

असा घोटाळा होतो कसा, हेही समजून घ्यावे. पारद, सैंधव, स्फटिका, कासीस अशा द्रव्यांपासून संप्लवनाने रसकर्पूर सिद्ध करण्याचे अनेक पाठ प्रचलित आहेत. द्रव्यांचे प्रमाण आणि अग्नीची मात्रा बदलली की कधी एक क्लोराइड, कधी दुसरे, तर कधी दोहोंचे मिश्रण वरच्या भांड्याला लागते. दोन्ही पांढरीच. शिवाय शुद्ध रसकर्पूरही प्रकाशात ठेवल्यास हळूहळू विघटित होऊन त्यातून पारद व मर्क्युरिक क्लोराइड निर्माण होते. म्हणून पारदर्शक बरणीत खिडकीपाशी मांडून ठेवलेले रसकर्पूर हे काल उत्तम असले, तरी आज तसेच असेल याची शाश्वती नाही.

यावर उपाय अवघड नाही. चूर्णावर अमोनियाचे द्रावण घालावे. रसकर्पूर तत्काळ काळे पडते. मर्क्युरिक क्लोराइड पांढरेच राहते. मिश्रणाची शंका असल्यास चूर्ण पाण्यात हलवून गाळावे आणि गाळीव द्रवात स्टॅनस क्लोराइडचे थेंब टाकावेत. आधी पांढरा व नंतर करडा अवक्षेप आला, तर विद्राव्य पारदलवण उपस्थित आहे असे निश्चित समजावे. हातमोजे घालावेत आणि परीक्षणानंतरचा द्रव मोरीत न ओतता वेगळ्या बाटलीत साठवावा. अर्ध्या तासाचे हे काम आहे.

रसकर्पूराखेरीज इतर कामांतही क्लोराइडे उपयोगी पडतात. लसूण व सैंधवासह मर्दन केलेला पारद धुतल्यावर लवण पूर्ण गेले की नाही, हे जिभेने ठरवू नये. धुतलेल्या पाण्यात नायट्रिक आम्ल व सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकावेत; दह्यासारखा पांढरा अवक्षेप येईल तोवर धुणे चालू ठेवावे. मात्र हे शेवटचे धुणे ऊर्ध्वपातित पाण्यानेच करावे, कारण नळाच्या पाण्यातही क्लोराइड असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला 250 मिलिग्रॅमपर्यंत ते स्वीकार्य आहे. हे ध्यानी न घेता आमच्या एका सहाय्यकाने नळाच्या पाण्याने दिवसभर पारद धुतला आणि सायंकाळी हताश होऊन आम्हालाच दोष दिला!

स्फटिका वा कासीस यांचा अंश, म्हणजे सल्फेट, उरला आहे का हे बेरियम क्लोराइड सांगते. त्याचा पांढरा अवक्षेप हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळत नाही. बेरियम क्लोराइड स्वतः विषारी असल्याने ते कुलपात ठेवावे. फेरिक क्लोराइडने हरीतकीचा क्वाथ निळा-काळा, तर खदिराचा हिरवट होतो. एवढ्याने द्रव्याची पूर्ण ओळख पटत नाही, परंतु कषाय द्रव्य म्हणून भलतेच काही आले असेल तर ते प्रथमदर्शनीच कळते. क्षारांना ओल लागू नये म्हणून शोषकपात्रात निर्जल कॅल्शियम क्लोराइड ठेवावे.

आमचे काही ज्येष्ठ म्हणतील, वारितर आणि रेखापूर्ण या परीक्षा असताना ही उसनवारी कशासाठी? त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगून आम्ही विचारतो : या परीक्षा भस्मांच्या आहेत, शुभ्र रसकर्पूरातील विष त्या दाखवतील काय? रसरत्नसमुच्चयातील रसशाळेच्या वर्णनात आग्नेयेस अग्निकर्म, पश्चिमेस क्षालन आणि वायव्येस शोषण अशी स्वतंत्र स्थाने सांगितली आहेत. प्रत्येक कर्माला जागा आणि शिस्त देणारे आपले पूर्वसूरी आज असते, तर त्यांनी सिल्व्हर नायट्रेटची बाटली क्षालनस्थानी स्वतःच्या हाताने मांडली असती, असे आमचे मत आहे. मर्क्युरस नायट्रेटची नव्हे, तर दुर्मीळ अशा मर्क्युरस नायट्राइटची सिद्धी 1896 मध्ये करणाऱ्या आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनीच पुढे 1902 मध्ये हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. परखनळी आणि पोथी एकाच मेजावर नांदू शकतात, याचे याहून चांगले उदाहरण कोणते?

कायद्याचेही विस्मरण नको. रसकर्पूराचा समावेश औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई(1) मध्ये आहे आणि अशी द्रव्ये असलेल्या औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना बंधनकारक आहे. 2004 मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या 70 आयुर्वेदीय उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारद वा आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हा आपल्यातील अनेकांनी त्यास शास्त्रावरील आघात म्हटले. संताप समजण्याजोगा होता. परंतु आपल्या पुड्यात काय आहे हे परक्याने सांगण्यापूर्वी आपणास ठाऊक असते, तर उत्तर देताना आपला आवाज अधिक खणखणीत लागला असता.

मोठ्या औषधशाळांकडे प्रयोगशाळा असतात. प्रश्न आपल्यासारख्या लहान औषधशाळांचा व स्वतः औषधे सिद्ध करणाऱ्या वैद्यांचा आहे. त्यांच्यासाठी आमची सूचना अशी : खनिज द्रव्याचा प्रत्येक नवा पुडा उघडताना ही परीक्षणे करावीत, तारखेसह वहीत नोंदवावीत आणि संशयित माल परत करताना त्या नोंदीची प्रत जोडावी. जिल्हा शाखांनी वर्षातून एक रविवार यासाठी प्रात्यक्षिक ठेवावे. "सगळे हाच माल नेतात" या उत्तराला आळा घालावयाचा, तर तो माल परत करणारे आपल्यातूनच निघावे लागतील.

रुग्ण पुडी तोंडात टाकतो ती वैद्यावरील विश्वासाने. व्यापाऱ्याच्या चिठ्ठीवरील विश्वासाने नव्हे. त्या विश्वासाची परतफेड अर्ध्या तासाच्या श्रमाने होत असेल, तर ती टाळण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.