परमुलखातलं म्हातारपण सांभाळताना

दहिवडीच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "आमचे मामंजी चाळीस वर्षांपूर्वी गलाईच्या धंद्यासाठी केरळात गेले. आता दुकान थोरले दीर बघतात. मामंजी बहात्तर वर्षांचे, सासूबाई अडुसष्ट. दोघं तिथंच राहतात. दिवसभर दीर नि जाऊबाई दुकानात, मुलं शाळेत. दोघं घरात एकटी. मागच्या महिन्यात मामंजींना पोलिसांच्या नावानं कुणाचा तरी फोन आला, तेव्हापासून ती दोघं घाबरून गेली आहेत. त्यातच गावाकडचं घर नावावर करून द्या, असा विषय निघालाय. आम्ही इतक्या लांबून काय करावं? त्यांना गावी आणावं का?"

ताई, तुमचं पत्र एकटीचं नाही. माण, खटाव, आटपाडी, खानापूर या दुष्काळी पट्ट्यातली कितीतरी घरं गलाईच्या धंद्यानं देशभर पांगली आहेत. जुने दागिने वितळवून सोनं-चांदी शुद्ध करण्याचा हा धंदा. 1972 च्या दुष्काळानं तर घराघराला गाव सोडायची पाळी आणली. तेव्हा गेलेले तरुण आता सत्तरी ओलांडून बसले आहेत. म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाला किंवा चैत्रात शिंगणापूरच्या यात्रेला ती येतात, आठ दिवस राहतात आणि पुन्हा परमुलखात जातात. तिथं घर आहे, दुकान आहे, पण अडीअडचणीला हाक मारावी तर ती कोणत्या भाषेत, हाच प्रश्न. म्हणून आज थोडं सविस्तर लिहिते.

आधी भाषा, मग कुलूप

दाराला कितीही कड्या लावल्या तरी शेजारणीला "मला बरं नाही" एवढं सांगता आलं नाही, तर त्या कड्यांचा उपयोग काय? पुरुष माणसं धंद्यापायी तिथली भाषा शिकतात. घरात राहिलेल्या बायका मात्र तीस-तीस वर्षं काढूनही बाजारापुरतीच बोलतात. सासूबाईंना दहा शब्द तरी पक्के करून द्या : पाणी, डॉक्टर, दवाखाना, मदत, दुखतं, आपला पत्ता आणि मुलाच्या दुकानाचं नाव. हे वाटतं तितकं अवघड नाही, बरं का! मल्याळीत दुखण्याला 'वेदना' म्हणतात आणि मदतीला 'सहायम्'. आपलेच शब्द वाटतात की नाही? पाण्याला तिथं 'वेळ्ळम्', तमिळमध्ये 'तण्णीर', कानडीत 'नीरु'.

त्याबरोबर एक पुठ्ठ्याची चिठ्ठी करा. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला तिथली भाषा. तीवर नाव, वय, रक्तगट, मुलाचा नंबर, शेजाऱ्याचा नंबर, रोजची औषधं आणि कशाची ॲलर्जी असेल तर ती. एक चिठ्ठी मामंजींच्या खिशात, एक सासूबाईंच्या पिशवीत, एक फ्रीजच्या दारावर. औषधाच्या बाबतीत कंपनीचं नाव नव्हे, औषधाचं मूळ नाव लिहावं. ते गोळ्यांच्या पाकिटावर असतं. कंपनीचं नाव दुकानागणिक बदलतं, मूळ नाव बदलत नाही.

उतारवयात विसराळूपणा वाढला, तर नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि लहानपणची मराठी तेवढी उरते, असं पुष्कळदा दिसतं. असा माणूस परक्या शहरात वाट चुकला तर ही चिठ्ठीच त्याला घरी आणते.

दार, शेजार आणि सोन्याचं नाव

गलाईवाल्याचं घर म्हटलं की चार लोकांच्या मनात सोनं येतंच. घरात गुंजभर नसेना का! त्यामुळे इतरांपेक्षा या घरातल्या वृद्धांना थोडं जास्त जपावं लागतं. दुकानातला माल घरी आणू नये, आणला तरी त्याचा उल्लेख फोनवर किंवा गॅलरीत उभं राहून करू नये. सासूबाईंचे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये असू द्यावेत. सकाळच्या फेरीला किंवा देवळात जाताना गळ्यात काळी पोत नि साधे मणी पुरेत. दाराला साखळी आणि बाहेरचं दिसणारं भिंग बसवून घ्यावं. मीटर बघायला आलो, पाण्याची टाकी धुवायला आलो, असं म्हणणाऱ्याला "मुलगा संध्याकाळी येईल, तेव्हा या" एवढंच सांगायचं. घरात एकटी आहोत, हे सांगायचं नाही.

पण दार सगळ्यांसाठीच बंद ठेवू नका. शेजारीण हीच खरी राखण. तिला सणाला पुरणपोळी, भाकरीबरोबर ठेचा जाऊ द्या. तिच्याकडून इडली येईल. रोज सकाळी दूध घेताना जिची भेट होते, ती एके दिवशी दार उघडलं नाही तर विचारायला येते. तिथल्या गलाईवाल्या मराठी कुटुंबांशीही येणं-जाणं असावं. पण आपल्याच लोकांत बंद राहिलं तर अडचणीच्या वेळी पहिल्या मजल्यावरचा माणूसही परका राहतो.

दुकान घराखाली असेल तर

गलाईच्या कामात नायट्रिक ॲसिड लागतं आणि कोळशाची किंवा गॅसची भट्टी. पुष्कळ ठिकाणी वर घर आणि खाली दुकान अशी सोय असते. ॲसिडमधून निघणारा तांबूस धूर छातीला फार वाईट. त्याचा त्रास कधीकधी लगेच जाणवत नाही, काही तासांनी दम लागतो. वृद्ध माणसाला दमा किंवा हृदयविकार असेल तर त्याची खोली त्या बाजूला नकोच. धूर घरात शिरला तर ताबडतोब मोकळ्या हवेत न्यावं आणि नंतर बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवावं. अंगावर ॲसिड उडालं तर कपडे काढून त्या जागेवर निदान वीस मिनिटं वाहतं पाणी सोडावं. सोडा, हळद, लोणी काही लावू नये. आणि ॲसिड कधीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नये. चष्मा न लावलेल्या माणसाला बाटली नि बाटलीतला फरक दिसत नाही!

उत्तरेकडे असलेल्यांनी थंडीची काळजी घ्यावी. दारं-खिडक्या लावून शेगडी पेटवून झोपलं तर कोळशातून निघणारा विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, झोपेतच घात करतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. शेगडी विझवून, बाहेर ठेवूनच झोपावं. दक्षिणेच्या किनाऱ्यावर त्रास वेगळा. तिथली दमट हवा माणदेशच्या कोरड्या उन्हासारखी नाही. घाम येतो पण वाळत नाही, अंग तापतं. पाणी तहानेची वाट न बघता प्यावं. पावसाळ्यात अंगणात, न्हाणीघरात शेवाळ धरतं. तिथं खरबरीत पट्टी आणि भिंतीला धरायला दांडी बसवा. हाड मोडण्याचा खर्च त्या दांडीच्या शंभर पट!

फोनवरचा भामटा

आता मामंजींना आलेल्या फोनबद्दल. 'डिजिटल अरेस्ट' नावाची कोणतीही अटक कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय किंवा कस्टम्सचे लोक व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाहीत आणि पैसे तर मागतच नाहीत. तुमच्या नावानं पार्सल आलंय, आधार कार्ड गुन्ह्यात सापडलंय, कुणाला सांगाल तर मुलाला पकडू, असं म्हणून हे भामटे माणसाला तासन्‌तास फोनला जखडून ठेवतात. परमुलखात उभा जन्म काढलेल्या माणसाच्या मनात आपण बाहेरचे ही भीती असतेच. तिच्यावरच हे लोक पोसतात.

मामंजींना तीन गोष्टी सांगून ठेवा. एक, असा फोन आला की ठेवून द्यायचा, उद्धटपणा वाटला तरी. दोन, "कुणाला सांगू नका" हे शब्द ऐकले की लगेच मुलाला सांगायचं. तीन, ओटीपी आणि पिन कुणालाही द्यायचा नाही, बँकेच्या माणसालाही नाही. तरीही पैसे गेलेच, तर त्याच मिनिटाला 1930 या नंबरवर फोन करायचा आणि बँकेला कळवायचं. जितका उशीर कमी, तितके पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

हल्ली नातवाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करूनही पैसे मागतात. त्यावर घरगुती तोड आहे. घरातल्यांनाच ठाऊक असलेला एक प्रश्न ठरवून ठेवायचा. आपल्या गावच्या खिलार जोडीची नावं काय होती? भामट्याला ते कुठून सांगता यायचं!

आणि ताई, फसले गेले असतील तर रागावू नका. "एवढं कसं कळलं नाही?" असं एकदा बोललं, की पुढच्या वेळी ती माणसं लपवतात. ते लपवणं जास्त महाग पडतं.

चार नंबर, एक डबा

संकटात कुठल्याही राज्यातून 112. वृद्धांच्या मदतीसाठी 14567, सकाळी आठ ते रात्री आठ. पैशांच्या फसवणुकीला 1930. चौथा नंबर शेजाऱ्याचा. हे चारही मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा, कारण घाईत मोबाईलमध्ये शोधता येत नाहीत.

एका पत्र्याच्या डब्यात आधार, बँकेची पुस्तकं, विम्याचे कागद, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि घरभाड्याचा करार असावा. सगळ्याची एक प्रत तुमच्याकडे दहिवडीला. मामंजी सत्तरीच्या पुढचे आहेत, तेव्हा त्यांचं आयुष्मान कार्ड काढून घ्या. ऑक्टोबर 2024 पासून सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न न पाहता, वर्षाला पाच लाखांपर्यंत दवाखान्यात भरती होऊन घेतलेले उपचार त्यात मिळतात. योजनेतला जवळचा दवाखाना कोणता, हे मात्र आजारी पडायच्या आधीच पाहून ठेवावं. कुणाला पेन्शन असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला विसरू नये. आता तो मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो, त्यासाठी गावी धावायला नको.

ज्यांचे सासू-सासरे मुलाकडे अमेरिकेला जातात त्यांच्यासाठीही दोन शब्द. निघायच्या आधी प्रवासविमा काढा आणि आधीपासूनची दुखणी त्यात धरली आहेत का, हे वाचून घ्या. तिथला दवाखाना आपल्या खिशाला झेपणारा नाही. किती दिवस राहायची परवानगी आहे, हे व्हिसावरच्या तारखेवर नव्हे, तिथं उतरल्यावर नोंदलेल्या तारखेवर ठरतं. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. आखाती देशांत तर याबाबत फार कडक. तातडीला अमेरिकेत 911 फिरवायचा, युरोपात आपल्यासारखाच 112.

गावाकडचं घर

शेवटी नाजूक विषय. घर नावावर करून द्या म्हणणारा दरवेळी लबाड असतो असं नाही. तुमच्या दिरांनाही कदाचित कर्जासाठी किंवा पुढची भांडणं टाळायला ते हवं असेल. पण हाताला धरून ठेवायला उरलेली ती एक वस्तू आहे, हे विसरू नये. बक्षीसपत्र केलं की घर त्याच दिवशी हातचं जातं. मृत्युपत्र केलं तर हयात असेपर्यंत घर आपलंच राहतं आणि मन बदललं तर ते बदलताही येतं. त्याला दोन साक्षीदार लागतात. बक्षीसपत्रच करायचं ठरलं, तर "आम्हा दोघांचा सांभाळ करायचा" ही अट त्यात स्पष्ट लिहून घ्यावी. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं, अशी अट असून सांभाळ झाला नाही तर ते पत्र रद्द करून मागता येतं. पोटगीचा अर्ज आपण राहतो त्या जिल्ह्यात, पूर्वी राहत होतो तिथं किंवा मुलगा राहतो तिथं देता येतो. महाराष्ट्रात तो प्रांतांकडे द्यायचा. सातबारावर अधूनमधून नजर ठेवायलाही विसरू नका. तो आता महाभूलेखवर घरबसल्या दिसतो.

त्यांना गावी आणावं का? ताई, हे तुम्हीही ठरवू नका, दिरांनीही नको. त्यांनाच विचारा. आणि विचारताना दोघांना वेगवेगळं विचारा. मामंजींचे सोबती तिथं असतील, सासूबाईंचा जीव मात्र गावच्या उंबऱ्यात अडकलेला असेल. किंवा नेमकं उलटं असेल! चाळीस वर्षं जिथं चूल मांडली ते गाव परकं राहत नाही. उलट इथं आल्यावर ओळखीची दारं बंद झालेली दिसली, तर ते एकटेपण जास्त बोचतं. आणायचंच झालं तर आधी दोन महिने राहून पाहू द्या, तिकडचं घर तसंच राहू द्या.

तोवर रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी फोन करा. "जेवलात का?" एवढंच विचारून ठेवू नका. आज कोण भेटलं, काय शिजवलं, गुडघा कसा आहे, कुणाचा फोन आला होता, हे विचारा. आवाज जरा जरी बदललेला वाटला, तर दुसऱ्या दिवशी जाऊबाईंशी बोला. त्याही दिवसभर दुकान नि घर यांत पिचून जात असतील. दोघी जावा एकमेकींच्या विश्वासात राहिल्या, तर हजार मैलांवरच्या म्हाताऱ्या माणसांना त्याच्याइतका भक्कम आधार दुसरा नाही.