मराठीचं ‘मग बघू’

आपल्या गप्पांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: “इथे राहायचं तर मुलांना इंग्रजी आलंच पाहिजे, मराठीचं मग बघू.” पहिला अर्धा भाग मला शंभर टक्के मान्य. माझं एम.एस्सी. इथेच इंग्रजीतून झालं, आयटी कन्सल्टंट म्हणून पोटही इंग्रजीवरच चालतं. भांडण आहे ते ‘मग बघू’शी.

आपल्या शेजारचं वेल्स बघा. एकोणिसाव्या शतकात तिथल्या अनेक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात ‘वेल्श नॉट’ ही लाकडी पाटी अडकवत. दुसरा कुणी वेल्श बोलला की पाटी त्याच्या गळ्यात. शेवटी जिच्या-ज्याच्याकडे उरेल त्याला शिक्षा. यातच मुलांचं भलं आहे, असं कित्येक आईबापांनाही वाटे!

आज वेल्श येणाऱ्या जवळजवळ सगळ्या मोठ्या माणसांना इंग्रजीही येतं. म्हणून ते गप्प बसले का? सरकारने वेल्श वाहिनीचं आश्वासन फिरवलं, तेव्हा १९८० साली ग्विनफोर एव्हान्स यांनी आमरण उपोषण जाहीर केलं. सरकार नमलं आणि १९८२ मध्ये ‘एस फोर सी’ वाहिनी सुरू झाली. पुढे २०११ च्या कायद्याने वेल्शला अधिकृत दर्जा मिळाला. इंग्रजीचं काय बिघडलं? काहीही नाही!

तरीही २०२१ च्या जनगणनेत वेल्श येणारे १७.८ टक्केच भरले. २०११ मध्ये १९ टक्के होते. घट मुख्यतः ३ ते १५ वयाच्या मुलांत. शाळा, टीव्ही, कायदा पाठीशी असलेल्या भाषेची ही गत, तर आपल्या मराठीला इथे घराशिवाय आहे काय?

आमच्या धंद्यात ‘फेज टू’मध्ये ढकललेलं काम बहुधा कधीच होत नाही. मराठीचंही तेच होतंय. “मुलं गोंधळतील” म्हणणाऱ्यांनी बेळगाव आठवावं. घरी मराठी, बाजारात कन्नड, शाळेत इंग्रजी. कोण गोंधळतं तिथे?

गणपतीत मुलांनी पाठ केलेल्या आरतीला टाळ्या द्यायच्या आणि घरी जाताना गाडीत त्यांच्याशी इंग्रजी सुरू करायचं, हे तर भाषेचं वर्षश्राद्ध झालं! इंग्रजीची काळजी घ्यायला शाळा आहे, शेजार आहे. मराठीला आपणच. तेव्हा आज रात्रीचं जेवण मराठीत होऊ द्या. मुलांचं उत्तर इंग्रजीत आलं, तरी आपला पुढचा प्रश्न मराठीतच!