विरजण चांगले, पण भांडे स्वच्छ हवे

कोंबडीच्या पंखाखाली जन्मलेले पिल्लू आणि उबवणी यंत्रातून निघालेले पिल्लू वरवर सारखीच दिसतात. परंतु पहिले पिल्लू आईसोबत माती उकरते, दाणे टिपते आणि तिच्या विष्ठेतील उपकारक जंतू आपोआप त्याच्या आतड्यात जातात. दुसऱ्याला आईचा सहवासच नसतो. फिनलंडमधील नुर्मी व रांताला या शास्त्रज्ञांनी १९७३ साली असे दाखवून दिले की, प्रौढ कोंबडीच्या आतड्यातील जंतू नवजात पिल्लांना दिल्यास साल्मोनेला या रोगजंतूपासून त्यांचे संरक्षण होते. चांगल्या जंतूंनी आधीच जागा व्यापली म्हणजे वाईटांना थारा मिळत नाही. प्रोबायोटिक म्हणजे असेच जिवंत, उपकारक जंतूंचे विरजण होय.

या विरजणाचे महत्त्व आज वाढले आहे. वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळण्याची प्रथा अनिष्ट आहे. तिच्यामुळे औषधाला दाद न देणारे जंतू निपजतात आणि वेळप्रसंगी आपल्या घरातील माणसांनाही औषध लागू पडेनासे होते. म्हणूनच युरोपीय संघाने २००६ च्या जानेवारीपासून ही प्रथा बंद केली, तर भारत सरकारने २०१९ साली खाद्योपयोगी पशुपक्ष्यांसाठी कोलिस्टिन या औषधाच्या वापरावर बंदी घातली.

तथापि, प्रोबायोटिकची पुडी आणली म्हणजे आपले कर्तव्य संपले, हा समज मला घातक वाटतो. भांडे अस्वच्छ असेल तर उत्तम विरजणानेही दही बिघडते. जार पडेपर्यंत वासरास चीक पाजू नये, ही समजूत अजून काही घरांत आहे. ती सोडून दिली पाहिजे. तीस किलो वजनाच्या वासराला पहिल्या दिवसात सुमारे तीन लिटर चीक मिळाला पाहिजे आणि त्यातील पहिला घोट जन्मानंतर तास-दोन तासांतच. चिकाची उणीव कोणतीही पुडी भरून काढणार नाही. त्याचप्रमाणे ओली गादी, शेवाळलेली पाण्याची भांडी आणि चुकलेले लसीकरण यांवरही हा उपाय नव्हे.

हे जंतू सजीव आहेत, हे विसरू नये. औषध टाकून शुद्ध केलेल्या क्लोरिनयुक्त पाण्यात अथवा प्रतिजैविकांसोबत दिल्यास त्यांतील बरेचसे मरतात. पुडी थंड, कोरड्या जागी ठेवावी व मुदत पाहूनच घ्यावी. पिल्लांना पहिल्या दिवसापासून, तसेच खाद्य बदलताना व प्रतिजैविकांचा उपचार संपल्यावर ती देणे उपयुक्त ठरते. रक्ती हगवण किंवा ताप असल्यास मात्र पशुवैद्यकास त्वरित बोलवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, जाहिरातीवर विसंबू नका. एकाच तुकडीतील पिल्लांचे दोन सारखे गट करा, एकास प्रोबायोटिक द्या, दुसऱ्यास देऊ नका; बाकी सर्व समान ठेवा. मर, वजन व लागलेले खाद्य वहीत टिपा. सर्वच मालाचा गुण सारखा नसतो. तेव्हा खर्च भरून निघतो की नाही, याचा निर्णय शेतकऱ्याने स्वतःच्या वहीवरून करावा.