तुमचा पीएचडीचा प्रबंध ऑनलाइन जमा झाला, पण तो कुणाला सापडणार आहे का?

डिसेंबर २०२३. नागपुरात हिवाळी अधिवेशन सुरू होतं. विधान परिषदेत सारथीच्या फेलोशिपचा विषय निघाला आणि तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी, ही मुलं पीएचडी करून काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल केला. जोरदार टीका झाली. त्यांनी नंतर दिलगिरीही व्यक्त केली. पण तो विषय सोशल मीडियावर अजूनही अधूनमधून वर येतो. कुणी पवारांना बोल लावतं, कुणी पीएचडीवाल्यांना.

या सगळ्या भांडणात एक साधा प्रश्न बाजूलाच राहिला. पीएचडी झाल्यावर तो प्रबंध जातो कुठे? आणि ज्यांच्या पैशातून फेलोशिप मिळते, त्या सामान्य माणसाला तो वाचायला मिळतो का?

उत्तर आहे, हो. कायद्याने मिळतो, फुकट मिळतो आणि घरबसल्या मिळतो. पण मराठीत लिहिलेल्या प्रबंधांच्या बाबतीत या "हो"च्या पुढे एक मोठा "पण" आहे. तोच आज समजून घेऊ.

आधी पिशोरला जाऊ

पिशोर हे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नड तालुक्यातलं मोठं गाव. मका, कापूस आणि अद्रक पिकवणारा हा भाग. समजा, इथल्या एका मुलीने डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पीएचडीला नाव नोंदवलं. विषय घेतला अंजना नदीच्या काठचं पाणी आणि अद्रकाची शेती. दोन-तीन वर्षं ती शेतकऱ्यांच्या बांधावर फिरली, विहिरींची पातळी मोजली, मराठीत सगळं लिहून काढलं. गावातल्या झेरॉक्स सेंटरवर टाइप करून घेतलं, बायंडिंग केलं, एसटीने विद्यापीठात गेली आणि प्रबंध जमा केला.

पूर्वी गोष्ट इथेच संपायची. सोनेरी अक्षरांची ती जाड प्रत ग्रंथालयाच्या कपाटात जायची. कपाटाची चावी एकाकडे, रजिस्टर दुसऱ्याकडे. पिशोरच्या शेतकऱ्याला स्वतःच्याच विहिरीबद्दल काय लिहिलंय हे कधी कळायचं नाही.

मग हे ऑनलाइन प्रकरण कधी सुरू झालं?

जगात याची सुरुवात अमेरिकेत झाली. व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाने १९९७ पासून प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच द्यायची सक्ती केली. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २००९ च्या नियमावलीत ही अट घातली. प्रबंधाची सॉफ्ट कॉपी मध्यवर्ती ठिकाणी जमा झालीच पाहिजे, असं ठरलं.

ते मध्यवर्ती ठिकाण म्हणजे "शोधगंगा". गांधीनगरची इन्फ्लिबनेट ही यूजीसीची संस्था ते चालवते. आज तिथे देशभरातले पाच लाखांहून जास्त प्रबंध आहेत. वाचायला लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. मराठवाडा विद्यापीठाचे प्रबंधही तिथे मोठ्या संख्येने आहेत. वाचत असाल तर आत्ता मोबाइलवर उघडून बघा, तुमच्या तालुक्यावर कुणीतरी काहीतरी लिहिलेलं असण्याची बरीच शक्यता आहे.

सध्या लागू असलेली नियमावली ७ नोव्हेंबर २०२२ ची आहे. तिच्यात क्रम स्पष्ट आहे. आधी प्रबंध सादर होतो. मार्गदर्शक आणि किमान दोन बाहेरचे परीक्षक तो तपासतात. मग तोंडी परीक्षा, म्हणजे व्हायवा. हे सगळं प्रबंध सादर केल्यापासून सहा महिन्यांत आटपावं, असं नियम सांगतो. आणि मूल्यमापन संपल्यावर, पण पदवी जाहीर होण्याच्या आधी, विद्यापीठाने प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत इन्फ्लिबनेटला द्यायची असते.

इथे एक गैरसमज दूर करू. शोधगंगेवर फाइल साधारणपणे विद्यार्थी स्वतः चढवत नाही. विद्यार्थी विद्यापीठाला सॉफ्ट कॉपी देतो आणि तिथला नेमलेला माणूस ती अपलोड करतो. त्यामुळे तुम्ही दिलेली फाइल जशी असेल तशीच ती जगाला दिसणार. पुन्हा दुरुस्तीची संधी सहज मिळत नाही.

त्याआधी एक चाळणी: वाङ्मयचौर्य

प्रबंध परीक्षकांकडे जाण्याआधी सॉफ्टवेअरमधून जातो. त्यातला मजकूर आधीच कुठे छापलेल्या मजकुराशी किती जुळतो, हे ते सॉफ्टवेअर टक्क्यांत सांगतं. यासाठी यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत.

- १० टक्क्यांपर्यंत साम्य: शिक्षा नाही.
- १० ते ४० टक्के: सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून पुन्हा द्यायचा.
- ४० ते ६० टक्के: सुधारित प्रबंधही एक वर्ष सादर करता येत नाही.
- ६० टक्क्यांच्या वर: नोंदणीच रद्द.

संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, नीट श्रेय देऊन घेतलेली अवतरणं हे यात धरलं जात नाही. चोरी पदवी मिळाल्यावर सिद्ध झाली, तर पदवी स्थगित ठेवायची तरतूदही आहे.

विद्यापीठांना हे सॉफ्टवेअर परवडावं म्हणून २०१९ मध्ये "शोधशुद्धी" ही योजना आली. आधी उरकुंड नावाचं सॉफ्टवेअर दिलं गेलं, नंतर ड्रिलबिट आलं.

इथपर्यंत सगळं छान वाटतं. आता तो "पण".

संगणकाला तुमचं मराठी दिसतच नाही

पिशोरच्या आपल्या मुलीने प्रबंध टाइप करून घेतला कृतिदेव फॉन्टमध्ये. किंवा श्रीलिपीत. डीटीपीच्या दुकानांत वर्षानुवर्षं हेच फॉन्ट चालत आले, कारण पत्रिका, हँडबिल, पुस्तकं यांत काम फक्त छापायचं असतं. कागदावर अक्षर छान उमटलं की झालं.

पण हे जुने फॉन्ट आतून वेगळं काम करतात. तिथे मराठी अक्षर साठवलंच जात नाही. इंग्रजी अक्षर साठवलं जातं आणि त्याला मराठी अक्षराचा मुखवटा चढवला जातो. उदाहरण घ्या. कृतिदेवमध्ये तुम्ही "पाणी" लिहिलं, तर फाइलमध्ये साठवलं जातं: आय, के, टिंब, के, एच. डोळ्यांना "पाणी" दिसतं. संगणकाच्या लेखी ती निव्वळ इंग्रजी अक्षरांची खिचडी असते.

युनिकोडमध्ये असं होत नाही. तिथे "प" हा "प" म्हणूनच साठवला जातो, फॉन्ट कुठलाही लावा. तुम्ही व्हॉट्सअॅपवर, फेसबुकवर जे मराठी लिहिता ते युनिकोडच आहे. म्हणूनच ते कुठल्याही मोबाइलवर दिसतं आणि गुगलला सापडतं.

आता परिणाम बघा.

पहिला: कुणी "अंजना नदी पाणी" असं शोधलं, तर मजकुरात हा शब्द शंभर वेळा असूनही संगणकाला तो एकदाही सापडणार नाही. भरवसा उरतो फक्त शीर्षकावर. आणि शोधगंगेवर मराठी प्रबंधाचं शीर्षक कधी देवनागरीत असतं, कधी रोमन लिपीत, कधी इंग्रजी भाषांतरात. शोधणाऱ्याने तिन्ही तऱ्हांनी शोधायचं.

दुसरा: साम्य तपासणारं सॉफ्टवेअरही आंधळं होतं. त्याला मिळते खिचडी, तो जुळवतो खिचडी. अहवाल शून्याच्या आसपास येऊ शकतो. विद्यार्थी खूश, मार्गदर्शक खूश. पण त्या शून्याला काही अर्थ नसतो. उद्या कुणी याच मुलीचा प्रबंध जसाच्या तसा उचलून युनिकोडमध्ये टाइप केला, तर मूळ प्रबंधाशी तो जुळलेला दिसेलच असं नाही. म्हणजे प्रामाणिकपणे काम करणाऱ्याला संरक्षण नाही आणि उचलणाऱ्याला भीती नाही.

तिसरा: काही प्रबंध तर छापून पुन्हा स्कॅन केलेले असतात. तिथे अक्षरंच नसतात, नुसते फोटो असतात. दृष्टिहीन विद्यार्थी मोबाइलच्या आवाजावर पुस्तकं वाचतात. त्यांच्यासाठी असा प्रबंध म्हणजे कोरा कागद.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद झाला, पेढे वाटले. पण आजच्या मराठी संशोधनाचा एक मोठा साठा यंत्राला वाचताच येत नसेल, तर त्या भाषेत शोधणारा माणूस शेवटी इंग्रजीकडेच वळणार.

मग करायचं काय?

तुम्ही प्रबंध लिहित असाल, किंवा घरातलं कुणी लिहित असेल, तर एवढं सांभाळा.

१. पहिल्या दिवसापासून युनिकोड. मंगल, कोकिळा, नोटो असा कुठलाही युनिकोड फॉन्ट चालेल. टाइप करणाऱ्याला पैसे ठरवतानाच हे सांगा. जुन्या फॉन्टमधला मजकूर बदलून देणारी कन्व्हर्टर मिळतात, पण रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास घोळ घालतात. बदलल्यावर ओळन् ओळ वाचावीच लागते.

२. वर्डमधून थेट पीडीएफ करा. छापून स्कॅन करू नका. सही-शिक्क्याची प्रमाणपत्रं तेवढी स्कॅन करा.

३. व्हॉट्सअॅपची चाचणी. तयार पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करा आणि स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर पाठवा. नीट मराठी उमटलं तर फाइल ठीक. खिचडी उमटली तर जगालाही खिचडीच मिळणार. दुसरी चाचणी: पीडीएफमध्ये तुमच्या शीर्षकातला एखादा शब्द शोधून बघा. सापडला पाहिजे.

४. प्रकरणवार फाइल. शोधगंगेला एक अखंड गठ्ठा नको असतो. मुखपृष्ठ, प्रमाणपत्रं, अनुक्रमणिका, प्रत्येक प्रकरण, निष्कर्ष, परिशिष्टं अशा क्रमांक दिलेल्या वेगवेगळ्या पीडीएफ लागतात. फाइलला पासवर्ड लावू नका.

५. शीर्षक आणि कळीचे शब्द दोन्ही भाषांत द्या. शीर्षक देवनागरीत आणि इंग्रजीत. कळीच्या शब्दांत गावाचं, तालुक्याचं, नदीचं, पिकाचं नाव असू द्या. "ग्रामीण विकास" असं कुणीही लिहितं, पण "पिशोर" शोधणाऱ्याला "पिशोर"च लागतं.

६. परिशिष्ट दोनदा वाचा. हे फार कमी लोक करतात. प्रश्नावलीसोबत शेतकऱ्यांची नावं, मोबाइल नंबर, कर्जाचे आकडे जोडलेले असतात. कपाटातल्या प्रतीत ते झाकून राहायचं. इंटरनेटवर ते सगळ्यांना दिसतं. ज्याने तुम्हाला चहा पाजून खरं सांगितलं, त्याची खासगी माहिती उघडी पाडू नका. नावाऐवजी क्रमांक वापरा. स्वतःचा आधार नंबरही कुठे राहिला नाही ना, बघा.

७. पेटंटचा विचार असेल तर आधी बोला. शोध जाहीर झाल्यावर पेटंट मिळणं अवघड होतं. अशा वेळी मजकूर काही काळ खुला करू नये, ही विनंती विद्यापीठाकडे आधीच आणि लेखी करा.

ही सगळी जबाबदारी विद्यार्थ्याचीच का?

नाही. खरं तर इथेच गाडी अडते. प्रबंध जमा करून घेताना प्रती किती, बायंडिंग कसं, समास किती सोडला, शुल्काची पावती जोडली का, हे सगळं बारकाईने बघितलं जातं. मराठी पीडीएफ उघडून त्यातला एक शब्द शोधून बघायला दोन मिनिटं लागतात. मराठी, इतिहास, समाजशास्त्र अशा विषयांसाठी "युनिकोड असेल तरच स्वीकारू" ही एक ओळ विद्यापीठांनी नियमात घातली, तर पुढचा बराचसा प्रश्न सुटेल. जुन्या प्रबंधांचं रूपांतर हे मोठं काम आहे, त्याला पैसा आणि माणसं लागतील. पण नव्यांची भर तरी थांबेल.

काही जण म्हणतील, एवढं खुलं केलं तर चोरी वाढेल. अनुभव उलटा सांगतो. कपाटात बंद असलेल्या प्रबंधातून उचललेलं कुणाला कळतच नाही. सगळ्यांसमोर ठेवलेल्या, शोधता येणाऱ्या मजकुरातून उचललं की पकडलं जाण्याची शक्यता वाढते. शिवाय मजकूर तुमचा, हा तारखेसह पुरावाही राहतो.

आता पुन्हा पिशोरला येऊ. पाच वर्षांनी अंजनाच्या काठावर नवी विहीर खोदायचा विचार करणारा एखादा शेतकरी, किंवा बारावीला प्रकल्प करणारं त्याचं पोरगं, मोबाइलवर मराठीत चार शब्द टाइप करेल. त्याला त्या मुलीने मोजलेली पाण्याची पातळी सापडली, तर पीएचडी करून काय दिवे लावले याचं उत्तर त्याला आपोआप मिळेल. सापडली नाही, तर दोष तिच्या अभ्यासाचा नसेल. फॉन्टचा असेल, आणि तो तपासायला दोन मिनिटं न देणाऱ्या आपल्या सगळ्यांचा असेल.