चाला म्हणतो, पण कुठून?

गेल्या महिन्यात मधुमेहाच्या एक जुन्या रुग्ण तपासणीला आल्या होत्या. वय ६४. साखर वाढलेली, वजनही वाढलेले. मी नेहमीच्या सुरात म्हणालो, "मावशी, रोज अर्धा तास चाला म्हणून तीनदा लिहून दिलंय." त्यांनी चिठ्ठी उलटी करून माझ्यापुढे ठेवली.

"डॉक्टर, चालायचं कुठून, तेवढं मागं लिहून द्या. घरातनं बाहेर पडलं की पेठ. फुटपाथवर गाड्या, रस्त्यावर वडाप. मागच्या वर्षी एकानं हँडल मारून पाडलं, तेव्हापासून मी नाही जात."

माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यात भर म्हणजे त्या वेळी माझी स्वतःची गाडी दवाखान्याच्या दारात, अर्धी फुटपाथवर चढवून उभी होती.

या ब्लॉगवर आपण साखर, रक्तदाब, गुडघेदुखी यांवर बोलतो. आज बाजारपेठेतल्या रस्त्याबद्दल लिहितो आहे. तालुक्याच्या गावातली पेठ कशी आहे, यावर माझ्या निम्म्या रुग्णांची तब्येत अवलंबून असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

रस्त्यामुळे काय काय बिघडते?

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. भरभर चालणे त्यात बसते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले तरी साखरेची उसळी कमी होते. छोट्या गावात भाजी, बँक, देऊळ, औषधाचे दुकान सगळे एक-दीड किलोमीटरच्या आत असते. म्हणजे वेगळा वेळ न काढता हा व्यायाम कामाकाजातच होऊ शकतो. पण होत नाही, आणि त्याची कारणे मला तपासणीच्या टेबलावर दिसतात.

मधुमेहात ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे, त्यांना उखडलेला पेव्हर ब्लॉक किंवा गटाराचे तुटके झाकण लागले तरी कळत नाही. जखम चार दिवसांनी मोजा काढताना दिसते.

ज्यांच्या पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत, त्यांची पोटरी थोडे चालले की दुखते आणि थांबले की राहते. यावर चालणे हाच उपचार असतो: दुखेपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला. पण थांबायचे कुठे? आमच्या पेठेत या टोकापासून त्या टोकापर्यंत बसायला एकही बाक नाही.

सगळ्यात वाईट वाटते ते हृदयविकाराच्या बायकांचे. बाजाराच्या दिवशी लघवीची गोळी त्या चुकवतात, पाणीही पीत नाहीत, कारण पेठेत स्त्रियांसाठी वापरता येईल असे स्वच्छतागृह नाही. आठवड्याने पाय सुजून, धाप लागून येतात. आम्ही गोळीचा डोस वाढवतो. खरे तर कमतरता गोळीची नसते.

आणि अपघात. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांतला जवळपास दर पाचवा माणूस पायी चालणारा होता. शिवाय धडक न बसता नुसते पडल्याने मोडणारे मनगट आणि खुबा वेगळेच. सत्तरीत खुबा मोडला की बरेच जण पुन्हा पूर्वीसारखे चालत नाहीत.

पार्किंगचा प्रश्न

हा विषय काढला की व्यापारी मित्र म्हणतात, "डॉक्टर, दारात गाडी लागली नाही तर गिऱ्हाईक हायवेच्या मॉलला जाईल." त्यांची भीती मला समजते. माझाही दवाखाना पेठेतच आहे.

पण एक दिवस बारकाईने पाहा. सकाळी दहाला दारात लागलेली गाडी संध्याकाळी सातला तिथेच असते. ती गिऱ्हाइकाची नसते. ती दुकानदाराची असते, कामगाराची असते, डॉक्टरची असते. दहा मिनिटांत औषध घेऊन जाणाऱ्याला जागा मिळत नाही, म्हणून तो रस्त्याच्या मधे गाडी लावतो, मग एसटी अडकते आणि मावशीला हँडल लागते. जागा कमी आहे हे खरे, पण आहे ती आम्हीच दिवसभर अडवून ठेवतो.

हातगाडीवाल्यांवर सगळा राग काढणेही बरोबर नाही. चालत येणारी गिऱ्हाइके त्यांच्यामुळेच पेठेत येतात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात त्यांच्यासाठी जागा ठरवण्याची आणि त्यासाठी समिती नेमण्याची तरतूद आहे. ती वापरली तर भाजीवालाही राहील आणि वाटही राहील.

एका डॉक्टर महापौराचे शहर

स्पेनमध्ये पोंतेवेद्रा नावाचे शहर आहे. लोकवस्ती सुमारे ८० हजार, म्हणजे आपल्याकडच्या मध्यम नगरपरिषदेएवढी. जुनी अरुंद पेठ, आणि त्यात दिवसभर गाड्या. १९९९ मध्ये मिगेल आन्शो फर्नांदेस लोरेस तिथले महापौर झाले. पेशाने ते फॅमिली डॉक्टर.

त्यांनी जुन्या पेठेतून येणारी-जाणारी वाहतूक बंद केली. गाड्यांसाठी पेठेबाहेर, चालत दहा-पंधरा मिनिटांवर मोफत पार्किंग ठेवले. माल उतरवणारी वाहने, रहिवासी आणि अपंग व्यक्ती यांना मुभा राहिली. पुढे गाड्यांचा वेग ताशी ३० किलोमीटरवर आणला. एक साधा नकाशाही छापला. त्यात रेल्वेच्या नकाशासारख्या रंगीत रेघा आहेत आणि एका ठिकाणाहून दुसरीकडे चालत जायला किती मिनिटे लागतात तेवढेच लिहिले आहे. पेठ ओसाड पडली नाही आणि रस्त्यावरचे मृत्यू जवळजवळ थांबले. लोरेस त्यानंतरही पुन्हा पुन्हा निवडून आले.

आपले गाव म्हणजे पोंतेवेद्रा नव्हे. आपल्याकडे ऊन आहे, आठवडी बाजार आहे, गणपतीची मिरवणूक आहे. पण गाडीला पेठेबाहेर जागा द्यायची आणि माणसाला पेठेत, हा हिशोब इथेही बसतो.

नगरपरिषदेकडे माझ्या मागण्या

१. स्टँडपासून पेठेच्या शेवटापर्यंत फुटपाथची एक सलग मोकळी पट्टी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ती किमान १.८ मीटर रुंद हवी आणि कडेची पायरी १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको. मध्ये डीपी, फलक किंवा जनरेटर नको.

२. पेठेत गाडी थांबण्याला वेळेची मर्यादा. दिवसभराच्या गाड्या बाहेरच्या मैदानात. अपंग व्यक्ती, रुग्ण आणि रुग्णवाहिका यांच्यासाठी दवाखाने व बँकांजवळ राखीव जागा.

३. एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, ७५ वर्षांपुढील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. वाडीवरची आजी फुकटात तालुक्याला येते आणि स्टँडवरून पेठेत यायला रिक्षाचे पैसे मोजते. बाजाराच्या दिवशी तरी स्टँड, सरकारी दवाखाना, पेठ अशी ठरावीक दराची शेअर रिक्षा फिरावी.

४. दर शंभर-दीडशे पावलांवर सावलीतला बाक, आणि पेठेत स्त्रियांसाठी पाणी व कडी असलेले स्वच्छतागृह.

यात उड्डाणपुलासारखा खर्च कशावरच नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पादचाऱ्यांचा फुटपाथ वापरण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले आहे. त्यामुळे हे मागताना कोणी कुणाचे उपकार मागत नाही.

तोपर्यंत तुम्ही काय कराल?

रस्ता सुधारेपर्यंत तब्येत थांबणार नाही. पेठ सकाळी उघडण्यापूर्वी चाला. फुटपाथ नसेल तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने चाला. संवेदना कमी झालेल्यांनी पुढून बंद पादत्राणे वापरावीत आणि रात्री तळपाय पाहावेत. चालताना छातीत दुखले किंवा धाप लागली तर थांबा आणि लगेच दाखवा. बाजाराला जायचे म्हणून लघवीची गोळी परस्पर चुकवू नका. तिची वेळ बदलता येते का, हे डॉक्टरांना विचारा.

आणि पडलात तर कुठे पडलात ते सांगा. मी आता केसपेपरवर ती जागा लिहून ठेवतो. नावे न देता ही यादी मुख्याधिकाऱ्यांना देणार आहे. तुमच्या डॉक्टरांनाही हे सुचवा.

माझी गाडी हल्ली स्टँडमागच्या मैदानात असते. तिथून दवाखाना सात मिनिटे. पहिल्याच आठवड्यात दोनदा ठेच लागली आणि एकदा दुचाकी चाटून गेली. तीस वर्षे मी रुग्णांना चाला म्हणत आलो, पण या रस्त्याने रोज चालून पाहिले नव्हते. मावशींना मात्र अजून 'चाला' म्हणालेलो नाही. दारासमोरचा फुटपाथ मोकळा झाला आहे एवढे कळवले. त्या म्हणाल्या, "पुढच्या दुकानाचं काय?"

पुढच्या दुकानदाराशी उद्या बोलणार आहे.